आयर्विनचा आकडा आणि आपल्या उंबऱ्याचा आकडा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सांगलीत गावभागात तळमजल्यावर भाड्यानं राहता, मिस्टर नोकरीसाठी पुण्यात, घरात सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. सासूबाईंना मधुमेह आहे, चालायला वॉकर लागतो, आणि घर सोडायचा विषय काढला की त्या ऐकून घेत नाहीत. जुलै लागला की तुमची झोप उडते. रात्री उठून मोबाइलवर पाणीपातळी बघता आणि ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ अशी बातमी आली की पोटात गोळा येतो. किती फूट पाणी झालं की घर सोडायचं आणि बाकीचा पावसाळा या धास्तीत कसा काढायचा, असं तुम्ही विचारलंय.

पाटबंधारे खात्यात माझी बरीच वर्षं कृष्णेच्या पाण्याच्या नोंदी ठेवण्यात गेली. निवृत्तीनंतर नदीकाठच्या गल्ल्यांमधून पावसाळ्याआधी बैठका घेतो. तिथे पहिला प्रश्न हाच येतो: किती फुटांना निघायचं? अख्ख्या शहराला लागू पडेल असा एक आकडा कुणीच देऊ शकत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत ४० व्हायच्या आधीच पाणी येतं, आणि सांगलीतच अशी घरं आहेत की ५० फुटांनाही त्यांच्या पायरीला पाणी लागत नाही. ४० आणि ४५ हे आकडे प्रशासनाच्या कामासाठी आहेत. तुमच्या घराचा आकडा वेगळा आहे आणि तो तुम्हालाच काढावा लागेल. एकदा तो हातात आला की तुमची निम्मी धास्ती कमी होईल, असं मी अनुभवावरून सांगतो. रात्रभर मोबाइल बघणारी माणसं बहुतेक वेळा नुसता आकडा बघत असतात. तो आपल्या दारापासून किती लांब आहे हे त्यांना माहीत नसतं, म्हणून ३२ फूटही भीतिदायक वाटतं आणि ३८ फूटही.

तो काढायचा कसा, ते नीट सांगतो, कारण सगळं यावरच उभं आहे. तुमच्या गल्लीत जुन्या पुरांच्या खुणा असतीलच. कुणी भिंतीवर रंगानं रेघ मारून वर्ष लिहिलेलं असतं, कुठे प्लास्टरवर गाळाचा पट्टा राहिलेला असतो. २०१९ ची खूण शोधा. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. समजा ती खूण तुमच्या उंबऱ्यापासून ५ फूट वर आहे. मग तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं साधारण ५२ फुटांना. अर्धा फूट मी मुद्दाम कमी धरला, हिशोब नेहमी आपल्या सुरक्षिततेच्या बाजूनं चुकू द्यायचा. दुसरी खूण सापडली तर पडताळून बघा: २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं होतं, २०२१ ला ५५ च्या आसपास. दोन खुणांचा हिशोब एका फुटाच्या आत जुळला तर आकडा विश्वासाचा समजा. पुलापासून जितकं लांब जाल, मध्ये नाले आणि भराव जितके जास्त, तितका थोडा फरक पडणार, हे लक्षात असू द्या.

पण उंबरा हा आपला खरा आकडा नव्हेच. लोक इथेच अडकतात. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी गल्लीच्या तोंडाशी, जिथे रस्ता खोल आहे तिथे पाणी भरतं आणि बाहेर पडायची वाट बंद होते. घर कोरडं, आणि माणसं मात्र अडकलेली. तेव्हा मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेवरची सगळ्यात खोल जागा शोधा. पावसाळ्यात साधं पाणी जिथे तुंबतं तीच बहुधा. ती तुमच्या उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे हे गवंडी अर्ध्या तासात सांगेल. त्याच्याकडे पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी असते. ती पाण्यानं भरायची, मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक तुमच्या उंबऱ्यापाशी धरायचं, दुसरं त्या खोल जागी काठीला बांधून उभं करायचं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत थांबतं. उंबऱ्याच्या टोकाला पाणी उंबऱ्याच्या कडेशी आणलं, की दुसऱ्या टोकाला रस्त्यापासून पाण्यापर्यंत टेप लावायचा. तो फरक ४ फूट निघाला तर तुमची वाट ४८ फुटांना बंद होते.

आता त्यातून आणखी ३ फूट वजा करा. आले ४५. तुमच्या घराचा निघायचा आकडा हा, अर्थात या उदाहरणापुरता. ३ फूट का? पाणी तासाला ३ इंच चढत असेल तर ३ फुटांना १२ तास मिळतात. वॉकर घेऊन चालणारी सासू, मूल आणि सामान एकट्या बाईनं हलवायचं, तर मी १२ तासांच्या खाली येणार नाही. धडधाकट चौघंजण असते तर कमी धरलं असतं. आणि अंधारात निघायचं नाही. संध्याकाळच्या आकड्यावरून तो टप्पा रात्री गाठला जाईल असं दिसलं, तर दिवस मावळायच्या आत बाहेर पडा. रात्री उघडं मॅनहोल दिसत नाही, पाण्यात उतरलेली वायर दिसत नाही, रिक्षा मिळत नाही.

हा आकडा कागदावर ठळक लिहून फ्रिजवर लावा. मिस्टरांना, शेजाऱ्यांना आणि जिथे जाणार त्या नातेवाइकांना कळवा. मग ४१ फूट झालं तरी तुम्हाला माहीत असेल की अजून ४ फूट आहेत.

सांगलीत पाणी नेहमी नदीच्या बाजूनंच येईल असं नाही, हेही जाणून घ्या. शेरी नाला आणि शहरातली गटारं नदीला मिळतात. नदी चढली की तेच पाणी उलटं शहरात शिरतं. म्हणून नदीकडची गल्ली कोरडी आणि मागची पाण्यात, असं होतं. घरातही पहिलं पाणी दारातून न येता बाथरूमच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येऊ शकतं. वाळूची पोती भरून ठेवा. निघताना एक भांड्यावर, एक मोरीच्या जाळीवर आणि एक अंगणातल्या चेंबरच्या झाकणावर. पाणी पूर्ण थांबणार नाही, पण घाण घरभर पसरायची कमी होते. नैसर्गिक नाले बुजवून त्यांवर मुरमाचे भराव टाकले आणि पूररेषेत बांधकामं होऊ दिली, त्याची किंमत आज तुमच्यासारखी भाड्यानं राहणारी माणसं मोजतात. याची मला मनापासून चीड येते.

आता बातम्यांबद्दल. ‘कोयनेतून विसर्ग’ म्हणजे पूर, हे समीकरण मनातून काढा. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून २,१०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सोडलं, अशी बातमी दर वर्षी येते आणि लोक घाबरतात. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास सोडले तेव्हा कुठे १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी होतं. २,१०० क्युसेक दिवसभर चालले तरी पाव टीएमसीसुद्धा होत नाही, आणि कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. तेवढ्या पाण्यानं सांगलीत पूर येत नाही. सहा वक्र दरवाजे उघडून हजारो क्युसेक सोडायला सुरुवात झाली की मात्र लक्ष द्यायचं. ते पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीत यायला साधारण एक दिवस किंवा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो.

याच्या उलट चूकही लोक करतात. ‘धरणात अजून जागा आहे, मग काय भीती?’ धरण फक्त आपल्या वरचा पाऊस अडवतं. कोयना, धोम, कण्हेर या धरणांच्या खाली सांगलीपर्यंत केवढा तरी मुलूख आहे. त्यावर पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून थेट नदीत येतो, त्याला दरवाजा नाही. २०२१ च्या जुलैत हेच झालं. २२-२३ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, सगळ्या खोऱ्यात एकदम कोसळला, आणि नदी बघता बघता चढली. २०१९ चा पूर वेगळा होता. ऑगस्टची सुरुवात, धरणं भरत आलेली, पाऊस दिवसेंदिवस हटेना. पाणी चढलं आणि उतरायचं नावच घेईना. वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या लगेच खाली कृष्णेला मिळते, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. त्या दोघीही फुगलेल्या असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. म्हणून वर पाऊस थांबला तरी सांगलीत पाणी दिवसच्या दिवस तसंच राहतं.

कर्नाटकात खाली कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचंही विचारलंय तुम्ही. तिथली पातळी किती ठेवावी यावर दोन राज्यांत बोलणी, समित्या, सगळं चालू असतं आणि ते व्हायलाच हवं. पण आज रात्री घर सोडायचं की नाही, याचा निर्णय त्या वादावर ठरत नाही. तो आयर्विनवर ठरतो.

मग बघायचं काय? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एवढंच. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला २४ तासांचा पाऊस, कोयनेचा साठा आणि विसर्ग, आणि नदीच्या पातळ्या. जिल्हा प्रशासनाच्या तक्त्यात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली अशी ओळीनं पातळी दिलेली असते. आयर्विनच्या आधी भिलवडी बघायची सवय लावा. भिलवडीला पाणी झपाट्यानं चढतंय म्हणजे पुढच्या काही तासांत आपल्याकडे चढणार. भिलवडीला स्थिर झालं की थोडा श्वास घ्यायला हरकत नाही. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस होण्याची शक्यता. तो सांगलीसाठी नसला तरी सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यासाठी आहे का, ते बघा. आपल्याकडे ऊन पडलेलं असतानाही नदी चढते ती याचमुळे.

४० फुटांच्या वर पाणी हळू चढायला लागतं. ते शेतांत, मळ्यांत पसरतं, त्यामुळे एक फूट वाढायला पूर्वीपेक्षा खूप जास्त पाणी लागतं. ‘आता तासाला इंचच वाढतोय’ म्हणून लोक निर्धास्त होतात. त्या एका इंचामागे किती पाणी येतंय हे दिसत नाही, म्हणून आकड्याला पोचलात की वेग बघत बसू नका.

फॉरवर्ड आलेले व्हिडिओ बघूच नका. २०१९ चे व्हिडिओ दर पावसाळ्यात ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात, आणि ‘धरण फुटलं’ ही अफवा जवळपास प्रत्येक पुरात उठते. शंका आली तर १०७७ वर फोन करा, तो जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला लागतो.

रात्रीच्या जागरणाचं सांगतो. गल्लीतल्या चार-पाच घरांनी पाळ्या लावून घ्या. पाणी ३८ च्या वर असेल तेव्हाच, आणि एका रात्री एकानंच जागायचं. बाकीच्यांनी फोन उशाशी ठेवून झोपायचं. आपल्या वतीनं कुणीतरी जागं आहे हे माहीत असलं की झोप लागते. एवढं करूनही छातीत धडधडत असेल, जेवण जात नसेल, मुलावर विनाकारण चिडचिड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक त्रासात मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. २०१९ नंतर ढगांचा गडगडाट ऐकून थरथरणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

सासूबाई. ‘२००५ ला इथं पाणी आलं नव्हतं’ असं त्या म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. २०१९ ला शेकडो घरांनी याच वाक्यावर विसंबून सामान २००५ च्या खुणेच्या जरा वर ठेवलं. पाणी त्या खुणेच्या तीन-साडेतीन फूट वर गेलं. हे त्यांना वादाच्या सुरात सांगू नका, गल्लीतल्या त्यांच्या वयाच्या एखाद्या बाईंकडून ऐकू द्या. म्हातारी माणसं हट्टी म्हणून अडून बसत नाहीत. कॅम्पातल्या सतरंजीवर, अनोळखी लोकांत, संडासला रांगेत उभं राहण्याची त्यांना लाज आणि भीती वाटते. म्हणून जागा आधी ठरवा. मिरजेत तुमचा भाऊ राहतो ना? त्यांच्यासाठी कॉट, कमोडची खुर्ची, पथ्याचं जेवण, हे भावजयीशी आत्ताच बोलून घ्या. पाऊस वाढला की ‘पूर’ हा शब्द न काढता ‘चार दिवस मिरजेला जाऊन येऊ’ म्हणा. आणि माझा अनेक घरांतला अनुभव असा, की देव्हाऱ्यातले टाक आणि लंगडा बाळकृष्ण तांबड्या कापडात बांधून आधी त्यांच्या हातात दिले, की मग पाय निघतो. देव घरात ठेवून आपण जायचं, हे त्यांना सहन होत नाही. देव बरोबर असले की जाणं सोपं होतं.

त्यांची औषधं पंधरा दिवसांची वेगळ्या डब्यात भरून ठेवा, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. इन्सुलिन असेल तर वापरातली बाटली किती दिवस फ्रिजबाहेर चालेल हे डॉक्टरांना विचारून त्यावर तारीख लिहा. पुरात वीज जाते, आणि औषधाच्या दुकानात पाणी असतं. चष्मा, कवळी, वॉकर ही निघताना हमखास मागे राहणारी सामग्री.

‘वरच्या मजल्यावर घरमालकांकडे जाऊन बसू’ हा विचार तुम्ही बोलून दाखवलाय. तुमच्या घरच्या परिस्थितीत मी तो सुचवणार नाही. पाणी चार तासांत उतरत नाही. २०१९ ला लोक कितीतरी दिवस गच्च्यांवर होते. वीज नाही, नळाला पाणी नाही, मोबाइल बंद, आणि औषध संपलेलं. मग बोटीची वाट बघायची. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती. बोटीत बसायची वेळच येऊ देऊ नका, आलीच तर लाइफ जॅकेट आणि जागा असल्याशिवाय चढू नका.

निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा, पाण्यात तो तरंगतो आणि पाइप तुटतो. स्कूटी मात्र पाणी ४० च्या जवळ गेलं की लगेच मिरजेला नेऊन लावा. पेट्रोल आणि थोडी रोख रक्कम आधी. पूर आला की एटीएम आणि पंप दोन्ही हाताबाहेर जातात. पिण्याचं पाणीही. सगळीकडे पाणी आणि नळ कोरडा, कारण उपसा करणारी यंत्रणाच पाण्यात जाते. रेशन कार्ड, आधार, मुलाची शाळेची कागदपत्रं, भाडेकरार, गॅसचं पुस्तक, हे सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फोटो मिस्टरांच्या मोबाइलवर. भाडेकरार मुद्दाम सांगतोय. पंचनाम्याच्या वेळी भाडेकरूला ‘तुम्ही इथे राहत होता कशावरून?’ हा प्रश्न येतो.

परत येताना घाई नको. पाणी उतरलं म्हणजे घर सुरक्षित झालं असं नाही. मातीच्या भिंतींची जुनी घरं पाणी उतरल्यानंतरच बसतात. आधी बाहेरून भिंती बघा, तडे, पोट फुगलेलं, दरवाजा घट्ट झालेला. आत गेल्यावर काठीनं आपटत जा. कपाटामागे, गादीखाली साप असतो, घोणस आणि नागही. साप चावला तर बांधणं, कापणं काही नको, १०८ आणि थेट सरकारी रुग्णालय. इलेक्ट्रिशियननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. साफसफाई करण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे. मग गाळ ओला असतानाच ढकलून बाहेर काढा, आपल्याकडची काळी माती वाळली की दगड होते. गमबूट घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘पुराच्या पाण्यात गेले होते’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे ते लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार करतील. टाकी धुऊन, पाणी उकळून प्या, किंवा आरोग्य खात्याच्या क्लोरीनच्या गोळ्या मिळतात त्या सांगितलेल्या प्रमाणात टाका.

आणि घरमालकांशी या आठवड्यातच बोला. मीटर आणि मेन स्विच २०१९ च्या खुणेच्या वर घ्यायला सांगा. महावितरणकडे अर्ज त्यांच्या नावानं करावा लागेल, म्हणून वेळ जातो. खर्चाचं कारण सांगतील, तेव्हा निम्मा भाड्यातून वळता करून घ्यायची तयारी दाखवा. बहुतेक मालक त्यावर तयार होतात. गवंडी नळी घेऊन येईल त्या दिवशी त्यालाच भिंतीवर ती उंची खुणावून द्यायला सांगा.